मत बदललं, म्हणजे मुलाखत गेली का?

कायद्याच्या प्रवेशाबद्दल या सदरात लिहायला लागल्यापासून मुलाखतीविषयी इतकी पत्रं येत आहेत, की या अंकात फक्त तीच घेते. मी अनेक वर्षं कायदा शिकवला आणि प्रवेशाच्या पॅनेलवरही बसले. त्यामुळे खाली जे लिहिलं आहे ते टेबलाच्या पलीकडून पाहिलेलं आहे.

आधी एक खुलासा, कारण काही पत्रांत यावरूनच गोंधळ दिसला. प्रत्येक लॉ स्कूल मुलाखत घेत नाही. भारतातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत पदवीचा प्रवेश क्लॅट या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो, दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात ऐलेट या वेगळ्या परीक्षेच्या. तिथे मुलाखत नाही. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज मुलाखत घेतात. त्याआधी एलनॅट ही परीक्षा असते: ९५ मिनिटांत ४२ प्रश्न आणि मग ४० मिनिटांत एक निबंध. तिथली इतर बरीच विद्यापीठं अर्ज आणि गुण पाहूनच निर्णय देतात. अमेरिकेत कायदा हा पदवीनंतरचा अभ्यासक्रम आहे, आणि हार्वर्डसारखी लॉ स्कूल अर्ज वाचून त्यांतल्या काहींनाच मुलाखतीला बोलावतात. तेव्हा आपण अर्ज केलाय तिथली पद्धत आधी नीट वाचा आणि मगच पुढचं वाचायला घ्या.

प्रश्न: मॅडम, मी शाळा संपवून कायद्याला अर्ज केला आहे. घरात कुणी वकील नाही. मुलाखत महिन्याभरावर आली आहे. माझ्या मैत्रिणीने कलमं पाठ करायला घेतली आहेत. मीही करू का? तिथे नेमकं काय विचारतात?

कलमं पाठ करू नकोस. शाळेतून थेट आलेल्या मुलीला कायदा येत असेल अशी अपेक्षा पॅनेलवर कुणाचीच नसते. कायदा शिकवायला आम्ही आहोत. एखादा नियम तुझ्या हातात दिला तर तू त्याचं काय करतेस, हे आम्हाला बघायचं असतं.

समजा, तुझ्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर एकच ओळ आहे: ‘सार्वजनिक उद्यानात वाहन आणण्यास मनाई आहे.’ कायद्याच्या जगात हे उदाहरण जुनं आहे. ऑक्सफर्डचे प्राध्यापक एच. एल. ए. हार्ट यांनी १९५८ मध्ये ते ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये मांडलं, आणि लॉन फुलर यांनी त्यांना तिथेच उत्तर दिलं. तुला ही नावं माहीत असण्याची काहीही गरज नाही. मी ज्या उमेदवाराबद्दल सांगणार आहे, तिलाही ती माहीत नव्हती.

तिला मी विचारलं, मोटार आणता येईल का? नाही, ती म्हणाली. सायकल? ती थांबली, आणि मला ते आवडलं. मग म्हणाली, “वाहन म्हणजे चाकं असलेली आणि माणसाला वाहून नेणारी वस्तू असं धरलं, तर सायकलही नाही.” मग बाबागाडी? व्हीलचेअर? “मग माझी व्याख्या फार रुंद झाली. इंजिन असलेली वस्तू, असं म्हणू का?” मी म्हटलं, म्हण, पण मग विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरचं काय? आता ती बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, “मी वस्तूकडेच बघत बसले. हा नियम कशासाठी केला असेल ते बघायला हवं होतं. उद्यानात लोक पायी फिरतात, मुलं पळतात, त्यांना इजा होऊ नये म्हणून असेल. किंवा शांतता राहावी म्हणून. यांपैकी कोणतं कारण धरायचं त्यावर उत्तर बदलेल.” मी विचारलं, कुणी बेशुद्ध पडलं आणि रुग्णवाहिका आत आली तर? ती म्हणाली, “उद्देश पाहिला तर तिला आत येऊ द्यायला हवं. पण नियमात तशी सूट लिहिलेलीच नाही. मग ती न्यायाधीशाने द्यायची, की ज्याने नियम केला त्याने तो बदलायचा?”

माझ्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने तेव्हा कागदावरून मान वर केली. तिने विचारलेल्या या प्रश्नावर न्यायालयं आणि विधिमंडळं कायमच झगडत आली आहेत, आणि ती तिथे स्वतःच्या पायांनी पोचली होती. तिचं पहिलं उत्तर टिकलं नाही, दुसरंही नाही, आणि तरी त्या दिवशीची ती सर्वांत चांगली मुलाखत होती.

फुलर यांची शंका तर आणखी गमतीची आहे: दुसऱ्या महायुद्धातला, अजून चालू स्थितीत असलेला ट्रक लोकांनी उद्यानात चौथऱ्यावर स्मारक म्हणून उभा केला तर? तू आता हे वाचणं थांबवून त्याचं उत्तर मोठ्याने देऊन बघ.

हे केवळ वर्गात रंगणारे वाद नाहीत. चोरीचं मोटार-वाहन एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं हा अमेरिकेत १९१९ च्या कायद्याने गुन्हा ठरला. मॅकबॉइल नावाच्या माणसावर चोरीचं विमान असं नेल्याचा आरोप ठेवला गेला. त्या कायद्यातल्या व्याख्येत रुळांवर न चालणारं कोणतंही स्वयंचलित वाहन येत होतं. विमान त्यात बसतं का? १९३१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं आणि त्याची शिक्षा रद्द केली. न्यायमूर्ती होम्स यांचं म्हणणं असं, की सामान्य माणसाच्या मनात ‘वाहन’ म्हटल्यावर जमिनीवरून जाणारी वस्तू येते, आणि आपण कोणती रेघ ओलांडली तर शिक्षा होईल याची सूचना माणसाला त्याला कळेल अशा भाषेत मिळायला हवी. तुला हा निकाल पटतो का? चोरी तर चोरीच ना? दोन्ही बाजूंनी बोलून बघ.

महिनाभर हेच कर. समोर येईल तो नियम उचल: ग्रंथालयातला, परीक्षागृहातला, तिकिटाच्या मागे छापलेला. त्यातला कोणता शब्द डळमळीत आहे ते शोध, नियम कशासाठी केला असेल ते सांग, आणि तो जिथे अन्याय्य ठरेल असा एक प्रसंग रच. मग त्या प्रसंगाला सामावून घेणारा सुधारित नियम लिही आणि त्यालाही छिद्र पाड. जोडीला, न्यायालयात चालू असलेलं एकच प्रकरण निवडून त्याच्या बातम्या सलग वाच. एका प्रकरणात दोन्ही पक्ष नेमकं काय मागत आहेत हे नीट सांगता येणारी मुलगी, दहा निकालांची नावं फेकणाऱ्या मुलापेक्षा आम्हाला जास्त हवी असते.

प्रश्न: ‘कायदाच का?’ या प्रश्नाचं उत्तर मी चार वेळा लिहून फाडलं. ‘मला अन्यायाविरुद्ध लढायचं आहे’ हे खरं आहे, पण सगळेच तसं म्हणतात असं ऐकलं. मग वेगळं काय सांगू?

खरं असेल तर तेच सांग, वेगळं काही शोधू नकोस. पण ‘अन्याय’ हा फार मोठा शब्द आहे, आणि तू तो म्हणालीस की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कोणता? तिथे बहुतेकांची वाट संपते. तेव्हा उलटीकडून ये. ज्या एका प्रसंगाने, कागदाने किंवा बातमीने तुला अस्वस्थ केलं, तिथून सुरुवात कर.

एका मुलीने सांगितलेलं मला अजून आठवतं. तिच्या आजीची शस्त्रक्रिया होती आणि संमतीपत्रावर सही हवी होती. आजीला तो मजकूर वाचता येत नव्हता, म्हणून हिने वाचून दाखवायला घेतला आणि तिच्या लक्षात आलं की निम्मं आपल्यालाही समजत नाहीये. आजीने सही केली. मुलीचा प्रश्न असा होता: जे समजलंच नाही, त्याला दिलेली संमती ही संमती असते का? तिने ‘अन्याय’ हा शब्द एकदाही उच्चारला नाही. त्यानंतर आमचं पंधरा-वीस मिनिटं बोलणं झालं, ते सगळं त्याच धाग्यावर. डॉक्टरने किती सांगायचं? सगळेच धोके सांगितले आणि घाबरून रुग्णाने नकार दिला तर? कोणता धोका सांगण्याजोगा आहे ते कुणी ठरवायचं, डॉक्टरने की रुग्णाने? (ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये माँटगोमेरी खटल्यात रुग्णाच्या बाजूने कौल दिला: रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल, तो त्याला सांगितला पाहिजे.) तिला तो खटला ठाऊक नव्हता, पण तिची दिशा तीच होती.

तुझ्याकडे असा प्रसंग नसेल तर तो तयार करू नकोस. मनापासून आवडलेला एखादा वाद, शाळेतली एखादी शिक्षा, न पटलेला एखादा निकाल, एवढं पुरतं. आणि पैसा, स्थैर्य, चांगला पेशा ही कारणंही लपवू नकोस. ती प्रामाणिक कारणं आहेत. त्यांच्या जोडीला या विषयाबद्दलचं कुतूहल दिसलं की झालं.

प्रश्न: माझी मुलाखत नुकतीच झाली. समुद्रात अडकलेल्या खलाशांच्या जुन्या खटल्यासारखा प्रसंग दिला होता. मी आधी ‘दोषी’ म्हणालो. मग त्यांनी विचारलं, मरणाऱ्याची संमती असती तर? मी तो मुद्दा धरलाच नव्हता. मी म्हणालो, मग माझं मत बदलतं. आता मला झोप नाही. मित्र म्हणतात, ठाम राहायला हवं होतं. मी कच्चा ठरलो का?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी आधी तो खटला सांगते.

१८८४ मध्ये ‘मिन्योनेट’ नावाची छोटी नौका इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडे जाताना बुडाली. चार जण एका होडीत उतरले: कप्तान डडली, स्टीफन्स, ब्रुक्स आणि सतरा वर्षांचा रिचर्ड पार्कर. अन्न-पाणी संपलं. पार्कर आजारी पडून निपचित झाला. डडली आणि स्टीफन्स यांनी ठरवून त्याला मारलं. ब्रुक्सने त्याला संमती दिली नव्हती. तिघेही त्या मांसावर जगले आणि काही दिवसांनी एका जहाजाने त्यांना वाचवलं. इंग्लंडमध्ये परतल्यावर डडली आणि स्टीफन्सवर खुनाचा खटला चालला. जीव वाचवण्याची निकड हा खुनाचा बचाव होऊ शकत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. फाशीची शिक्षा झाली, आणि नंतर ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली.

हा प्रसंग मीही विचारत असे आणि पुढचे प्रश्न एकामागून एक टाकत असे. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर? मुलगा स्वतःहून तयार झाला असता तर? तो तसाही काही तासांत मरणारच होता, हे नक्की माहीत असतं तर? या प्रश्नांमागे ‘तू चुकलास’ असा अर्थ कधीच नसतो. तू ‘निर्दोष’ म्हणाला असतास, तरी आम्ही तितकंच ढकललं असतं, फक्त दुसऱ्या बाजूने.

आता मत बदलण्याबद्दल. एक उमेदवार होता, तो प्रत्येक प्रश्नानंतर आमच्या शेवटच्या वाक्याशी सहमत होत गेला. चिठ्ठ्या टाकल्या तर? मग दोषी नाहीत. पण ज्याची चिठ्ठी निघाली त्याने शेवटच्या क्षणी नकार दिला तर? मग दोषी. पण त्याने आधी शब्द दिला होता ना? हो, मग नाहीत. तो आमच्या चेहऱ्याकडे बघत होता, प्रश्नाकडे नाही. त्याला आम्ही प्रवेश दिला नाही. दुसरी एक मुलगी अगदी उलट, पहिल्या वाक्याला चिकटून बसली. तिच्याच नियमाप्रमाणे ब्रुक्सचंही काय करायचं, असं विचारलं तेव्हा तिच्याकडे उत्तर नव्हतं, पण ती पहिलंच वाक्य जरा मोठ्या आवाजात पुन्हा म्हणाली. तुझे मित्र ज्याला ठामपणा म्हणतात तो हाच असेल, तर त्याने तुझं नुकसानच झालं असतं.

आणि तिसरा. तो म्हणाला, “चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर माझं मत थोडं हलतं. कारण आता लक्षात येतंय, की माझा आक्षेप मारण्यावर होताच, पण त्याहून जास्त सर्वांत दुबळ्याला निवडण्यावर होता. मात्र मी असं म्हटलं, तर योग्य पद्धतीने निवडून माणूस मारायला माझी हरकत नाही असा अर्थ होतो, आणि तेही मला मान्य नाही. मला जरा वेळ द्याल का?” आम्ही दिला. शेवटी तो ‘दोषी, पण शिक्षा कमी’ या जागी आला आणि अपराध ठरवणं वेगळं, शिक्षा ठरवणं वेगळं, हे त्याने स्वतःच्या शब्दांत सांगितलं. त्याचं मत हललं, पण प्रत्येक हालचालीच्या मागे एक ‘कारण’ होतं, आणि आधी काय म्हणालो होतो ते तो विसरला नव्हता.

तेव्हा तू स्वतःला एवढंच विचार: मत बदलताना मी ‘कारण’ दिलं का? तुझ्या पत्रातलं वाक्य आहे, ‘मी तो मुद्दा धरलाच नव्हता.’ हेच जर तू तिथे मोठ्याने म्हणाला असशील, तर तू वकिलासारखाच वागलास. निकालाची हमी मी देऊ शकत नाही. जागा मोजक्या असतात आणि मी त्या पॅनेलवर नव्हते. पण मत बदललं एवढ्यावरून कुणी तुला कच्चं ठरवलं असेल, असं मला वाटत नाही.

न्यायालयंसुद्धा हे करतात. आणीबाणीत, १९७६ च्या जबलपूर प्रकरणात, स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ठरवलं. तो एक म्हणजे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. पुढे २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय चूक ठरवून रद्द केला. १९७६ च्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. तो निर्णय रद्द करणारं २०१७ चं निकालपत्र लिहिलं त्यांच्या मुलाने, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. ते वाचून बघ. जुनं मत काय होतं हे त्यात आधी नीट मांडलंय, मग ते कुठे घसरलं ते दाखवलंय.

प्रश्न: मुलगा हुशार आहे, पण त्याचं शिक्षण मराठीत झालं. इंग्रजीत बोलताना अडखळतो. एका क्लासने शंभर तयार उत्तरं दिली आहेत, ती तो रोज पाठ म्हणतो. आम्हा दोघांनाही कायद्यातलं काही कळत नाही. आम्ही काय मदत करू शकतो?

पाठ केलेलं उत्तर पहिल्या दोन वाक्यांत ओळखू येतं. आवाज बदलतो, नजर वर जाते, आणि मधेच प्रश्न विचारला की माणूस पुन्हा सुरुवातीपासून म्हणायला लागतो. ती शंभर उत्तरं बाजूला ठेवायला सांगा. क्लासचे पैसे गेले म्हणून ती वापरलीच पाहिजेत असं नाही.

अडखळण्याची एवढी धास्ती नको. परक्या भाषेत विचार करणाऱ्याला वेळ लागतो हे पॅनेलला माहीत असतं. सावकाश, छोट्या वाक्यांत बोलू द्या. शब्द समजला नाही तर ‘याचा अर्थ काय?’ असं सरळ विचारावं; त्याने गुण जात नाहीत, न समजता उत्तर दिल्याने मात्र जातात. उत्तराआधी थोडा वेळ गप्प राहिलं तरी बिघडत नाही. ती शांतता उमेदवाराला फार लांब वाटते. आम्हाला तेव्हा तो विचार करताना दिसत असतो, आणि ते बघायलाच आम्ही बसलेलो असतो.

तुम्हाला कायदा येत नाही, हे या तयारीत तुमच्या पथ्यावरच पडेल. रोज रात्री त्याने एक प्रसंग तुम्हाला इंग्रजीत सांगायचा आणि तुम्ही, हवं तर मराठीत, तीनच प्रश्न विचारायचे: कशावरून म्हणतोस? उलट बाजूचा माणूस काय म्हणेल? हे कुठे लागू होणार नाही? बस्स. त्याचं इंग्रजी दुरुस्त करू नका. तुम्हाला समजेपर्यंत सांगणं, हीच त्याची मेहनत. तुम्हाला न कळलेली जागा बहुतेक वेळा त्यालाही कळलेली नसते.

सुरुवातीला हा प्रसंग घ्या. न्यूयॉर्कमध्ये एका नातवाने आजोबांना विष घालून मारलं, कारण मृत्युपत्रात इस्टेटीचा मोठा वाटा त्याच्या नावावर होता आणि आजोबा ते बदलतील अशी त्याला भीती होती. मृत्युपत्र कायदेशीर होतं, आणि वारस खुनी असेल तर काय करायचं याबद्दल तिथल्या कायद्यात एक अक्षरही नव्हतं. मग इस्टेट त्याला मिळावी का? आधी मुलाला ‘मिळू नये’ या बाजूने बोलू द्या, मग दुसऱ्या दिवशी ‘मिळावी’ या बाजूने. दुसरी बाजू ऐकताना तुम्हाला राग येईल, तरी मधे बोलू नका. १८८९ मध्ये, रिग्ज विरुद्ध पामर या खटल्यात, स्वतःच्या गुन्ह्यातून कुणालाही फायदा घेता येणार नाही म्हणून न्यायालयाने नातवाला इस्टेट नाकारली. पण सगळ्या न्यायाधीशांचं एकमत नव्हतं. कायद्यात नसलेली आणखी एक शिक्षा आपण मनाने कशी जोडणार, असं वेगळं मत देणाऱ्या न्यायाधीशाने विचारलं होतं. ही दुसरी बाजू तुमच्या मुलाला तुम्हाला समजावता आली, तर तो बराच तयार झाला असं समजा.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मात्र काहीही विचारू नका.

प्रश्न: माझा अर्जातला निबंध मोठ्या भावाने ‘सुधारून’ दिला. आता तो वाचताना माझाच वाटत नाही. त्यावरून विचारतील का?

हो. फाइल आमच्यासमोर उघडी असते. एका उमेदवाराच्या निबंधात ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’वर, म्हणजे गुन्हेगार आणि पीडित यांना समोरासमोर आणून झालेलं नुकसान भरून काढण्याच्या पद्धतीवर, सुंदर परिच्छेद होता. मी विचारलं, गुन्ह्याची झळ बसलेल्या माणसाला यात भाग घ्यायचाच नसेल तर? तो गोंधळला. तो शब्द कुठून आला हेच त्याला सांगता येईना, आणि मग उरलेल्या निबंधावरचाही आमचा विश्वास उडाला.

अर्ज गेला आहे, तो आता बदलता येणार नाही. निबंधाची प्रत काढ, पेन्सिल घे, आणि प्रत्येक वाक्यापुढे एक अडचणीचा प्रश्न लिही. ज्या वाक्याचं उत्तर देता येत नाही त्यामागचा विषय समजून घे. तरीही एखादं वाक्य आपलं होतच नसेल, तर विचारल्यावर म्हण, “हे मी तेव्हा फार ठामपणे लिहिलं, आज मी असं म्हणेन…” आणि पुढे स्वतःचं बोल.

प्रश्न: कॉलेजात माझ्यावर एकदा शिस्तभंगाची कारवाई झाली होती, आणि एक वर्ष वायाही गेलं. मी अमेरिकेत अर्ज करतोय. हे मुलाखतीत काढलं तर?

अर्जात विचारलं असेल आणि तुम्ही लिहिलं नसेल, तर मुलाखतीच्या आधी त्या लॉ स्कूलला कळवून ती माहिती पूर्ण करा. तिथल्या अर्जात चारित्र्याबद्दलचे प्रश्न असतात, कारण पुढे वकिलीची सनद घेताना बारही असेच प्रश्न विचारतो आणि तुमचा जुना अर्ज ताडून पाहतो. मूळ प्रकार अनेकदा क्षुल्लक असतो. तो लपवल्याने वकिलीच धोक्यात येऊ शकते.

विचारलं तर काय घडलं ते दोन वाक्यांत सांगा, त्यानंतर काय केलं ते एका वाक्यात, आणि थांबा. प्राध्यापकांना, मित्रांना दोष देऊ नका. वाया गेलेल्या वर्षाचंही तसंच. आजारपण असेल तर आजारपण म्हणा, तपशिलात जाण्याचं बंधन तुमच्यावर नाही.

प्रश्न: मुलाखत व्हिडिओवर आहे. काही विशेष?

फार नाही. ऑक्सफर्डच्या मुलाखतीही २०२० पासून ऑनलाइनच होतात. उजेड चेहऱ्यावर पडू दे, पाठीमागून नको. कोरा कागद आणि पेन जवळ असू दे, कारण दिलेला प्रसंग लांब असला तर नावं आणि क्रम लिहून घ्यावा लागतो. पण आधीच लिहिलेली उत्तरं पडद्यावर चिकटवू नकोस, वाचणारे डोळे दिसतात. आवाज तुटला तर लगेच सांग, अंदाजाने उत्तर देऊ नकोस. काही ठिकाणी समोर माणूस नसतोच: पडद्यावर प्रश्न येतो, विचाराला थोडा वेळ मिळतो आणि उत्तर ध्वनिमुद्रित होतं. तिथे उलट प्रश्न विचारणारं कुणी नसतं, म्हणून तो तूच स्वतःला विचार आणि उत्तरातच घे.

प्रश्न: शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचं आहे का?’ असं म्हणतात. तिथे काय विचारावं म्हणजे छाप पडेल?

छाप पाडण्यासाठी काहीच विचारू नका. वसतिगृह, शुल्क, विषयांची यादी हे सगळं संकेतस्थळावर असतं. ज्याचं उत्तर तिथे नाही आणि तुम्हाला खरोखर हवं आहे, ते विचारा. उदाहरणार्थ, विधी साहाय्य केंद्रात विद्यार्थ्यांना कितव्या वर्षापासून काम करता येतं आणि तिथे खऱ्या पक्षकाराशी त्यांना स्वतः बोलू देतात का? किंवा पहिल्या वर्षी लिहिलेल्या युक्तिवादावर शिक्षक ओळीओळीने शेरे देतात, की नुसते गुण? आणि काहीच विचारायचं नसेल तर “नाही, मला हवं ते बोलण्यात आलं” असं म्हणून उठलात तरी चालतं.